काउंटरच्या आतली माणसे

सप्टेंबर 1983 मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन आणि बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाबाबत एक करार झाला. लेजर लिहिणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे कोणत्या शाखांत आणि किती आणायची, मोठे संगणक कुठे बसवायचे, यंत्रावर बसणाऱ्याला भत्ता किती द्यायचा, हे त्यात कलमवार ठरले. यंत्रांमुळे कोणाची नोकरी जाणार नाही, हेही व्यवस्थापनाने मान्य केले. पुढच्याच वर्षी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला. 1987 मध्ये पुन्हा करार झाला, 1993 मध्ये आणखी एक झाला. लाखो बँक कर्मचाऱ्यांच्या रोजच्या कामातला सर्वांत मोठा बदल या देशात दहा वर्षे टेबलाच्या दोन बाजूंना बसून, एकेका शब्दावर अडून ठरवला गेला.

व्यवस्थापनाच्या वर्गांत या दहा वर्षांचा उल्लेख सहसा वाया गेलेला काळ असा होतो. संघटनांनी संगणक अडवला, ग्राहक रांगेत उभा राहिला आणि नव्या खाजगी बँका पुढे निघून गेल्या, अशी ती मांडणी असते. तिच्यातला ग्राहकाच्या त्रासाचा भाग खरा आहे. बाहेरगावचा चेक वटायला तीन-तीन आठवडे लागत असत आणि त्याची किंमत सामान्य माणसाने मोजली. तरीही मला ही मांडणी अपुरी वाटते. या पुस्तकाची प्रस्तावना लिहायचे मी कबूल केले, त्याचे मुख्य कारण हेच. कामाच्या ठिकाणी बदल घडवताना माणसांना सोबत कसे न्यायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी अभ्यासलेला धडा त्या दहा वर्षांत आहे, असे मला बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवताना सतत जाणवत आले.

आधीची पार्श्वभूमी थोडी सांगायला हवी. 1960 च्या दशकात कोलकात्यात आयुर्विमा महामंडळाच्या इमारतीत संगणक येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी पहारा दिला होता. बेकारी एवढी असताना माणसाचे काम यंत्राला द्यायचे का, हा प्रश्न तेव्हा कोणालाच हास्यास्पद वाटत नव्हता. केंद्र सरकारने त्यावर समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्याकडे दिले. भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडणारा हाच माणूस त्याच सुमारास देशाने स्वयंचलन कितपत स्वीकारावे याचाही विचार करत होता. समितीचा अहवाल 1972 चा आहे. यंत्र सरसकट आणू नये, गरज आणि परिणाम तपासून निवडक ठिकाणी आणावे, असा तिचा एकूण कल होता. पुढे बँकांमध्ये वाटाघाटी सुरू झाल्या त्या या जमिनीवर. संगणकाला झालेल्या विरोधाला आज आपण अडाणीपणा म्हणून मोकळे होतो. पण त्या पिढीने विचारलेला प्रश्न गंभीर होता आणि त्याला उत्तर देण्याची जबाबदारी बदल आणणाऱ्यावर होती.

आता शाखेत येऊ. सत्तर-ऐंशीच्या दशकातली कोणतीही राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा डोळ्यांसमोर आणा. ग्राहक चेक देतो, हातात पितळी टोकन घेतो आणि बाकावर बसतो. चेक लेजर क्लार्ककडे जातो. तो जाडजूड लेजर उघडून खात्याचे पान काढतो, शिल्लक बघतो, रक्कम नावे टाकतो आणि नवी शिल्लक लिहितो. मग लेजर आणि चेक अधिकाऱ्याकडे. तो नमुन्याच्या कार्डाशी सही ताडून बघतो आणि चेक पास करतो. मग कॅशियर टोकन नंबर पुकारतो. वीस मिनिटे लागत, कधी चाळीस. या साखळीत लेजर क्लार्क ही महत्त्वाची कडी होती. त्याला गावातली निम्मी खाती तोंडपाठ असत. कोणाची पेन्शन कधी येते, कोणत्या दुकानदाराचा चेक येण्याआधी भरणा येतो, कोणाची सही हात थरथरल्यामुळे बदलली आहे, हे त्याला विचारावे लागे. व्यवस्थापक तीन वर्षांनी बदलून जात. लेजर क्लार्क राहत असे.

त्याचे कौशल्य बॅलन्सिंगला दिसे. लेजरमधल्या सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची बेरीज जनरल लेजरच्या आकड्याशी जुळली पाहिजे, आणि ती पहिल्या फटक्यात क्वचितच जुळे. मग फरक शोधायचा. फरकाला नऊने भाग गेला, तर कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली आहे असे जुना क्लार्क लगेच सांगत असे. 450 च्या जागी 540 लिहिले गेले की फरक 90 येतो. फरक सम असेल, तर त्याच्या निम्मी रक्कम शोधायची, कारण जमेची नोंद नावे पडली की फरक दुप्पट होतो. ही विद्या कोणत्या पुस्तकात शिकवली जात नव्हती. ती रात्री उशिरापर्यंत बसून एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेली. सहामाहीचे व्याज काढणे हे दुसरे अवघड काम. बचत खात्यावर महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक धरून व्याज मिळे. म्हणजे प्रत्येक खात्याच्या प्रत्येक महिन्याची तेवढी शिल्लक हुडकायची, त्या शिलकांची बेरीज, म्हणजे प्रॉडक्ट, काढायचे, व्याज लावायचे, दुसऱ्याने तपासायचे. क्लोजिंगच्या रात्री शाखेत जेवण यायचे आणि शेवटचे लेजर टॅली झाले की ज्याने ते जुळवले त्याच्याकडे सगळे आदराने बघत.

या माणसासमोर एक दिवस एएलपीएम, म्हणजे लेजर लिहिणारे यंत्र, येऊन बसले. नोकरी जाणार नव्हती, पगार कमी होणार नव्हता, उलट यंत्रावर बसणाऱ्याला भत्ता होता. तरी तो अस्वस्थ झाला. वरिष्ठांना वाटले, हा संघटनेचा माणूस आहे, म्हणून अडून बसला आहे. त्या माणसाचे काय जात होते याचा हिशेब करारात नव्हता. त्याने वीस वर्षे कमावलेली विद्या त्या आठवड्यात निरुपयोगी ठरत होती. नऊने भाग घालण्याची गरज संपली होती. यंत्रावर सरावाने बोटे चालवणारा काल लागलेला मुलगा त्याच्यापेक्षा उपयोगी ठरणार होता आणि त्या मुलाकडूनच त्याला शिकावे लागणार होते. शाखेतली मानाची उतरंड एका टेबलापाशी उलटी होणार होती.

माझ्या मते बदलाच्या काळातल्या नेतृत्वाचे सगळे मर्म इथे आहे. माणसाला बदलाची भीती वाटते, हे वाक्य आपण फार सहज वापरतो. त्याने काहीच कळत नाही. हाच माणूस घरी स्कूटर घेतो, गॅस घेतो, मुलीला इंजिनिअरिंगला घालतो. त्याला बदल नको असतो असे नाही. एखाद्या विशिष्ट बदलात त्याचे काहीतरी विशिष्ट जात असते, आणि ते काय आहे हे त्याच्या वरिष्ठाने शोधून काढलेले नसते. पैसा जात असेल तर तो कागदावर मांडता येतो आणि वाटाघाटीत भरूनही देता येतो. कसब, मान आणि आपल्या कामावरचा ताबा या गोष्टी कागदावर येत नाहीत. त्या शाखेत, समोरासमोर बसूनच कळतात.

प्रशिक्षण वर्गात एका ज्येष्ठ लेजर क्लार्कने विचारलेला प्रश्न मला अजून महत्त्वाचा वाटतो. त्याचा आशय असा होता: आजवर माझ्या हाताने लिहिलेल्या आकड्याला मी जबाबदार होतो, माझी आद्याक्षरी त्याखाली असे. उद्या यंत्राने व्याज चुकवले तर आद्याक्षरी कोणाची? वर्गातले काही जण हसले. प्रश्न मात्र अचूक होता. जबाबदारी कुठे जाते, हे सांगितल्याशिवाय जबाबदार माणूस नव्या पद्धतीवर विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. काही शाखाप्रमुखांनी यावर शोधलेला मार्ग मला फार आवडला. जुनी आणि नवी पद्धत काही महिने शेजारी शेजारी चालवायची होतीच. त्या काळात यंत्राने काढलेले व्याज हाताने तपासण्याचे काम त्यांनी शाखेतल्या सर्वांत अनुभवी लेजर क्लार्ककडे दिले. यंत्र बरोबर आहे की नाही, हे तो ठरवणार. त्याने चुका काढल्याही, कारण जुन्या खात्यांची माहिती यंत्रात भरताना चुका झालेल्याच होत्या. त्याची विद्या शेवटची आणि पूर्ण वापरली गेली. यंत्रावर विश्वास ठेवा असे मग इतरांना सांगायला दुसऱ्या कोणाची गरज उरली नाही.

दुहेरी कामाचा तो काळ सगळीकडे असा गेला नाही, हेही सांगितले पाहिजे. बऱ्याच ठिकाणी लेजरही लिहा आणि यंत्रातही भरा, असा आदेश आला, जादा माणूस मिळाला नाही, ग्राहक तेवढेच राहिले. बदल रखडतो तो बहुतेक वेळा याच टप्प्यावर, आणि दोष मात्र कर्मचाऱ्यांच्या मनोवृत्तीवर टाकला जातो. नव्या पद्धतीचा पहिला तिमाही काळ जुन्या पद्धतीपेक्षा जास्त माणसे मागतो, हे साधे गणित आहे. ते अंदाजपत्रकात न धरणाऱ्या वरिष्ठाने नंतर मनोवृत्तीबद्दल बोलू नये.

बाहेरच्या देशांत या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झाला. कुर्ट लेविन यांचे नाव त्यात पहिले घेतात आणि जॉन कॉटर यांची आठ पायऱ्यांची मांडणी आज प्रत्येक कंपनीच्या सादरीकरणात असते. तिच्यावर मी इथे थांबत नाही. मला जास्त बोलका वाटतो तो अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या मॅरियन गावचा एक प्रयोग. हारवूड नावाच्या कारखान्यात पायजमे शिवले जात. कामाच्या पद्धतीत बदल केला की उत्पादन कोसळे आणि कामगार सोडून जात. बदल तरी केवढा? इस्त्री करणाऱ्या एका गटाने तयार कपडे पुठ्ठ्यावर रचण्याऐवजी खोक्यात रचायचे, एवढाच. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी वेगवेगळ्या गटांशी वेगवेगळ्या पद्धतीने वागून पाहिले आणि 1948 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या गटाला फक्त आदेश आणि कारण सांगितले, त्याचे उत्पादन पडले ते पडलेच, आणि पहिल्या चाळीस दिवसांत सतरा टक्के लोक नोकरी सोडून गेले. ज्या गटांतल्या प्रत्येकाला नवी पद्धत आखण्यात सहभागी केले, ते लवकर पूर्वपदावर आले आणि पुढेही गेले. यातला सर्वांत शिकवणारा भाग नंतरचा आहे. पहिल्या, अपयशी गटातले जे उरले होते, त्यांनाच काही महिन्यांनी दुसऱ्या बदलाच्या वेळी आखणीत सामील केले, आणि त्यांनीही तसाच वेग दाखवला. माणसे तीच होती.

आपल्या शेजारी, अहमदाबादेत, 1953 मध्ये असेच काही घडले. कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग बसवले होते, पण उत्पादन आणि कापडाचा दर्जा अपेक्षेइतका येत नव्हता. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे सल्लागार म्हणून आले. त्यांना दिसले की यंत्र नवे आले, पण काम इतक्या तुकड्यांत वाटले गेले होते की कोणाचा कोणाशी संबंध आहे हे कामगारालाही सांगता येत नव्हते. एक जण सूत जोडणार, दुसरा बॉबिन भरणार, तिसरा तेल देणार, आणि प्रत्येकाचे माग वेगवेगळे. ठरावीक मागांचा संच एका छोट्या गटाच्या ताब्यात द्यावा, असे राइस यांनी सुचवले. विणकरांनी ती कल्पना ताबडतोब उचलली आणि गट कसे पाडायचे हे बरेचसे स्वतःच ठरवले. उत्पादन सुधारले, खराब कापडाचे प्रमाण घटले. भारतीय कामगाराला सूत्रे दिली तर गोंधळ होईल, असे आजही मानणाऱ्यांनी हा प्रयोग मुळातून वाचावा. त्याच संस्थेचे एरिक मिलर 1970 मध्ये पुन्हा तिथे गेले, तेव्हा एका ठिकाणी ती पद्धत बरीचशी टिकलेली होती आणि इतरत्र मोडत गेलेली होती. बाजाराचा दाब वाढला, वरचे लोक बदलले, आणि गटांना मिळालेला मोकळेपणा कोणी राखला नाही. बदल एकदा घडवला की झाले, असे मानणाऱ्या वरिष्ठांसाठी अहमदाबादची ही दुसरी भेट पहिल्या यशाइतकीच मोलाची आहे.

बँकांकडे परत येतो. 1991 नंतर आर्थिक सुधारणा आल्या, 1994-95 मध्ये नव्या खाजगी बँका उघडल्या, आणि त्यांच्याकडे लेजर कधी नव्हतेच. 1993 च्या कराराने संगणकाची वाट बरीच मोकळी केली होती. मग केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी बँकांना मुदत घालून दिली की 1 जानेवारी 2001 पर्यंत सत्तर टक्के व्यवसाय संगणकावर आला पाहिजे. दहा वर्षांच्या वाटाघाटीनंतर आता तारखेचा हुकूम. हुकुमाने वेग आला, यात शंका नाही. हा हुकूम बहुतांशी पाळला गेला, कारण तोपर्यंत नोकरी जाईल ही भीती वाटाघाटींनी उतरवली होती, भत्त्याचे आणि निवडीचे नियम ठरलेले होते, आणि बऱ्याच शाखांत यंत्र हाताळलेला एखादा तरी माणूस तयार झाला होता. हीच तारीख 1981 मध्ये घातली असती तर बँका बंद पडल्या असत्या, असे मी खात्रीने म्हणेन. संथ दिसणाऱ्या त्या वर्षांचे काम वेगवान वर्षांत कामी आले.

त्याच सुमारास दुसरी गोष्ट घडली आणि तिची चर्चा फारच कमी होते. 2000-01 मध्ये सार्वजनिक बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. काहींना ती संधी वाटली, त्यांनी घर बांधले, मुलांची शिक्षणे केली. पण कोणी जावे हे ठरवण्याची मुभा मुख्यतः जाणाऱ्याकडे होती. शाखेतला जाणता माणूस गेला आणि त्याच्या डोक्यातली माहिती त्याच्याबरोबर गेली. तारण म्हणून ठेवलेले कोणते कागद कोणत्या कपाटात आहेत, कोणत्या कर्जदाराचा भाऊ जामीन आहे, हे कुठेच नोंदलेले नव्हते. पाठोपाठ कोअर बँकिंग आले, आणि खात्यांची माहिती मध्यवर्ती सर्व्हरवर चढवायची वेळ आली, तेव्हा नावांची स्पेलिंगे, पत्ते, वारसनोंदी, जुन्या सह्या तपासायला तोच माणूस हवा होता. माणसे कमी करणे आणि पद्धत बदलणे ही दोन कामे एकाच वेळी हाती घेऊ नयेत, हे त्या दोन-तीन वर्षांनी दाखवून दिले.

कोअर बँकिंगने ग्राहकाचे भले केले. शाखेचा ग्राहक बँकेचा ग्राहक झाला. सोलापूरला खाते असलेल्या माणसाला दादरला पैसे काढता येऊ लागले. 1 एप्रिल 2010 पासून बचत खात्यावर रोजच्या शिलकीवर व्याज सुरू झाले. हाताने लेजर लिहिण्याच्या काळात हे अशक्यच होते. दहा तारखेच्या आत पैसे भरण्याची घाई संपली, आणि कित्येक गरीब खातेदारांना त्यांच्या हक्काचे पैसे पहिल्यांदा मिळाले. हा बदल न्याय्य होता, हे मला निःसंदिग्धपणे म्हणायचे आहे. पण काउंटरच्या आत काय झाले? क्लार्कचा झाला सिंगल विंडो ऑपरेटर. पूर्वी शाखेचा हिशेब संध्याकाळी शाखेतच जुळे. आता दिवस उघडतो आणि मिटतो तो दूरच्या सर्व्हरवर. लाइन गेली की ग्राहक चिडतो तो समोरच्यावर, आणि समोरच्याकडे शोधण्यासारखा फरकही नसतो. नऊने भाग घालून तो काही दुरुस्त करू शकत नाही. आपल्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी बोलणी खाणे, ही कामाच्या ठिकाणची मोठी झीज आहे.

अशा वेळी शाखाप्रमुख कुठे असतो, यावर फार अवलंबून असते. केबिनमध्ये बसून वरच्या कार्यालयाला फोन लावणारा आणि बाहेर येऊन काउंटरसमोर उभा राहणारा, या दोघांच्या शाखा सहा महिन्यांत वेगळ्या दिसू लागतात. बाहेर आलेला माणूस रांगेला सांगतो की लाइन गेली आहे, ही आमच्या माणसाची चूक नाही, वृद्धांनी आत येऊन बसावे, ज्यांना पैसे तातडीने हवेत त्यांची नावे द्यावी. त्याच्या मागे बसलेला कर्मचारी हे ऐकत असतो. माझ्या नोकरीत मी असे शाखाप्रमुख पाहिले आहेत. त्यांच्यातले बहुतेक भाषणात कच्चे होते. कोणाला कधी उभे राहावे लागते, एवढे त्यांना कळत होते.

वरच्या पातळीवरचे एक उदाहरण स्टेट बँकेचे आहे. 2006 मध्ये ओ. पी. भट अध्यक्ष झाले तेव्हा बँकेचा बाजारातला वाटा कमी होत चालला होता. त्यांनी पुढच्या वर्षी 'परिवर्तन' नावाचा कार्यक्रम घेतला आणि शंभर दिवसांच्या आसपास एक लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांना दोन-दोन दिवसांच्या शिबिरांत बसवले. तिथे नवे तंत्र शिकवण्यावर भर नव्हता. बँकेची खरी परिस्थिती काय आहे, आपण कुठे मागे पडतो आहोत, हे आकड्यांसह सांगणे हा त्याचा गाभा होता. मोठ्या सरकारी संस्थेच्या प्रमुखाने सामान्य कर्मचाऱ्यांना संस्थेची खरी स्थिती सांगावी, हे तेव्हा नवीन होते. दोन दिवसांच्या शिबिराने माणूस बदलत नाही, हे मलाही ठाऊक आहे. मात्र आपल्याला विश्वासात घेतले गेले, ही आठवण माणूस वर्षानुवर्षे बाळगतो आणि पुढच्या कठीण निर्णयाला तिच्या आधारे थोडी उसंत देतो.

कठीण निर्णयांचा तो पुढचा काळ काही वर्षांतच आला. जन धन, नोटाबंदी, यूपीआय, आणि मग विलीनीकरणे. 1 एप्रिल 2019 रोजी विजया आणि देना बँक बडोदा बँकेत गेल्या. 1 एप्रिल 2020 रोजी, देश टाळेबंदीत असताना, दहा सार्वजनिक बँकांच्या चार झाल्या. 1 मे 2025 पासून महाराष्ट्रातल्या दोन ग्रामीण बँकांची एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. मुंबईत 1938 साली सुरू झालेल्या देना बँकेत जन्मभर नोकरी केलेल्या माणसासाठी विलीनीकरणाच्या एका दिवसात पाटी, परिपत्रकांची भाषा, योजनांची नावे, बदलीची यादी आणि ज्येष्ठतेतले स्थान हे सगळेच बदलले. विलीन झालेल्या बँकेचे लोक आणि मूळ बँकेचे लोक अशी विभागणी डबा खाण्याच्या वेळी किती वर्षे टिकते, हे पाहून त्या विलीनीकरणाचा खरा ताळेबंद मांडता येईल. कोणत्याही वार्षिक अहवालात तो येत नाही.

या पुस्तकाचे वाचक बँकेतलेच असतील असे नाही. कारखान्यातला फोरमन, शाळेची मुख्याध्यापिका, तालुका कचेरीतला अव्वल कारकून, रुग्णालयातली परिचारिकांची प्रमुख, यांच्यापैकी प्रत्येकावर आज कोणता ना कोणता बदल राबवण्याची पाळी आली आहे, आणि बहुतेकांना तो ठरवताना कोणी विचारलेले नसते. मधल्या फळीतल्या या माणसाची कोंडी पुस्तकांत फारशी येत नाही. वरून आलेला निर्णय त्यालाही पटलेला असेलच असे नाही, पण खाली तो त्यालाच सांगायचा असतो. त्याने काय करावे? माझे मत असे की न पटलेली बाजू त्याने वर लेखी कळवावी, आणि खाली येताना काय ठरलेले आहे आणि काय अजून आपल्या हातात आहे हे वेगळे करून सांगावे. हातात असलेले क्षेत्र छोटे असेल. कोणी आधी शिकायचे, कोणत्या दिवशी सुरू करायचे, पहिल्या महिन्यात कोणते जुने काम थांबवायचे, कोणाच्या चुकीला किती दिवस माफी. हारवूडच्या कामगारांना याहून मोठे काही ठरवायला मिळाले नव्हते. बदल तर करायचाच होता. कसा, ते सहभागी गटांनी ठरवले.

शेवटची एक चिंता नोंदवतो. 1983 च्या टेबलाशी बसलेले कर्मचारी कायम नोकरीतले होते आणि त्यांच्या मागे संघटना होती. आज बँकेचे बरेचसे काम त्या टेबलाबाहेरची माणसे करतात. 2006 मध्ये रिझर्व्ह बँकेने परवानगी दिल्यापासून गावोगावी बँकेच्या वतीने व्यवहार करून देणारे बँक मित्र, कंत्राटी वसुली कर्मचारी, एजन्सीमार्फत आलेले डेटा भरणारे तरुण. कर्जाची छाननी करणे आणि ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरे देणे ही कामे कृत्रिम बुद्धिमत्ता करू लागली आहे. तिचा पहिला फटका याच माणसांना बसणार, आणि त्यांच्याशी बोलण्याची कोणतीही रीत आपण तयार केलेली नाही. पगार, पुनर्प्रशिक्षण, नोटिशीची मुदत या कोणत्याही गोष्टीवर त्यांच्या वतीने सही करणारा कोणी नाही. पुस्तकाचे शेवटचे प्रकरण या लोकांविषयी आहे. ज्यांच्या हाताखाली असे कर्मचारी आज काम करत आहेत, त्या वाचकांनी सुरुवात त्या प्रकरणापासून करावी आणि मग मागे यावे, अशी माझी विनंती आहे.